तेलाची वाट (लेखांक ५) : बॉम्बे हायचे पाय आणि पाइप

मागच्या लेखांकात आपण ‘सागर सम्राट’पर्यंत आलो. जपानमध्ये बांधलेल्या या रिगला फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडकात तेल लागलं आणि २१ मे १९७६ रोजी बॉम्बे हायचं उत्पादन सुरू झालं. एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला आहे ती हीच रिग. त्या चित्राने एक घोटाळा मात्र करून ठेवला. समुद्रातलं तेल म्हटलं की आपल्याला रिगच आठवते. रिग विहीर खोदते आणि पुढच्या जागी निघून जाते. नंतर तीस-चाळीस वर्षं पाण्यात पाय रोवून उभा राहतो तो प्लॅटफॉर्म. ‘सागर सम्राट’ने उतारवयात हा दुसरा पेशाही पत्करला, फेरबांधणीनंतर डिसेंबर २०२२ पासून ती उत्पादनाच्या कामाला लागली आहे. पण तो अपवाद.

विहिरीतून वर येतं ते निव्वळ तेल नसतं. तेल, वायू आणि खारं पाणी यांचा तो काला असतो, गरम आणि दाबाखालचा. खडकात असताना बराचसा वायू तेलातच विरघळलेला असतो. वर येताना दाब उतरतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावं तसं होतं. हा फसफसता काला आहे तसा दोनशे किलोमीटर ढकलत किनाऱ्याला नेणं जिकिरीचं. म्हणून तो समुद्रातच निवडावा लागतो. प्लॅटफॉर्मचं मुख्य काम हे निवडण्याचं.

बॉम्बे हायला पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. तिथं पोलादी नळ्यांचा मनोरा उभा करतात आणि लांब खुंट ठोकून तो तळाशी जखडतात. या मनोऱ्याला ‘जॅकेट’ म्हणतात. छोट्या जॅकेटवर नुसती विहिरींची तोंडं आणि झडपा असतात. तिथं सहसा कुणी वस्तीला नसतं. असे अनेक विहीर-प्लॅटफॉर्म एका मोठ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मला माल पुरवतात. हा माल विहिरीपाशी पाइपातून खाली उतरतो, समुद्रतळावरून वाहत जातो आणि मोठ्या प्लॅटफॉर्मच्या अंगाने पुन्हा वर चढतो. तो चढणीचा उभा पाइप म्हणजे रायझर. आज एवढा एकच शब्द लक्षात ठेवा, बाकीचे विसरलात तरी चालेल.

वर आलेला माल सेपरेटर नावाच्या मोठ्या बंद टाकीत शिरतो. तिथं वायू वर, तेल मध्ये, पाणी तळाला. यात फारशी जादू नाही. खरा व्याप पुढे असतो. ओला वायू पाइपलाइन कुरतडतो, म्हणून तो ग्लायकॉलने कोरडा करायचा, कॉम्प्रेसरने दाबायचा, पाणी स्वच्छ करून समुद्रात सोडायचं. शिवाय उलटी वाहतूकही असतेच. विहिरीला स्वतःचा जोर उरला नाही की दाबाखालचा वायू तिच्यात परत सोडतात, त्याने तेलाचा स्तंभ हलका होऊन वर येतो. खडकातला दाब टिकावा म्हणून समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून खाली दाबतात. म्हणजे तेलक्षेत्र जितकं म्हातारं, तितके पाइप जास्त. आणि बॉम्बे हाय आता म्हातारं झालं आहे. १९८० च्या दशकात दिवसाला चार लाख बॅरलहून अधिक तेल देणारं हे क्षेत्र आता त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आलं. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साथीला घेतलं, ते यामुळेच.

निवडलेलं तेल आणि वायू वेगवेगळ्या पाइपलाइनने उरणला येतात. थळच्या कारखान्यातला युरिया याच समुद्रातल्या वायूवर उभा राहिला.

हे सगळं चालवणारी माणसं पुलाने जोडलेल्या शेजारच्या प्लॅटफॉर्मवर राहतात. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचं, चौदा दिवस बारा-बारा तासांची पाळी करायची, चौदा दिवस घरी. पावसाळ्यात हेलिकॉप्टरचा भरवसा नाही आणि बोट प्लॅटफॉर्मपाशी स्थिर ठेवणं हे कसबाचं काम.

आता २७ जुलै २००५. आदल्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मुंबई बुडाली होती, त्यामुळे पुढची बातमी अनेकांच्या स्मरणातून निसटली आहे. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका आचाऱ्याच्या बोटांना जबर जखम झाली. हेलिकॉप्टर उडण्यासारखी हवा नव्हती, म्हणून त्याला बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर उपचारासाठी न्यायचं ठरलं. आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती. जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आलं. जहाजाला जागेवर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेतही बिघाड होता, त्यामुळे ते हाताने चालवलं जात होतं. आचारी सुखरूप वर चढवला गेला. त्यानंतर उसळलेल्या लाटेने जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं आणि त्याचा मागचा भाग रायझरवर बसला.

रायझरमध्ये विहिरींना पुरवायचा दाबाखालचा वायू होता. तो पेटला. वरची झडप बंद केली तरी फुटलेलं तोंड तिच्या खाली असतं आणि तळावरच्या लांबलचक पाइपात भरलेला वायू येतच राहतो. त्या ज्वाळेने शेजारचे रायझर फोडले. दोन तासांच्या आत प्रोसेस प्लॅटफॉर्म वितळून, मोडून समुद्रात गेला. प्लॅटफॉर्म, शेजारची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. नौदलाने आणि तटरक्षक दलाने ३६२ जणांना वाचवलं, २२ जण गेले. जळलेलं ‘समुद्र सुरक्षा’ही नंतर बुडालं.

लाट, वादळ, नशीब यांवर हे ढकलता येत नाही. जुलैमध्ये मोसमी पाऊस भरात असतो हे सर्वांना ठाऊक होतं. वायूचे रायझर जॅकेटच्या आत, त्याच्या नळ्यांच्या आडोशाला ठेवता येतात. बाहेर असतील तर त्यांना पोलादी कठडा लावता येतो. समुद्रतळाशी आणखी एक झडप बसवली तर फुटलेल्या पाइपात येणारा वायू तिथंच तोडता येतो. इंजिन बंद पडलं तरी जहाज प्लॅटफॉर्मपासून दूर वाहत जाईल अशाच बाजूने यावं, हा नियम तर दर्यावर्दी माणसाला शिकवावाही लागत नाही. या चारांपैकी एक गोष्ट जागेवर असती तरी त्या दिवशीचा अपघात एका चेपलेल्या कठड्यावर निभावला असता, असं माझं मत आहे.

त्या जागी नवा प्रोसेस प्लॅटफॉर्म २०१२ मध्ये सुरू झाला. पुढच्या लेखांकात तेलाबरोबर उरणला उतरू.