रडवू नका, कॅमेरा हलवा

आमच्या विद्यार्थ्यांनी मोबाईलवर छोटी फिल्म केली. दहावीनंतर घरी बसवलेली मुलगी अब्बूंसमोर बोलायची हिंमत करते, एवढीच गोष्ट. मुलांनी तिला खूप रडवलं, पण तिच्यातला बदल काही दिसेना.

मग आम्ही सिडनी ल्युमेट यांच्या १९५७ च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चं उदाहरण दिलं. त्यात कॅमेरा आधी नजरेच्या वर, मग बरोबरीला, शेवटी खाली असतो. लेन्सही बदलत जातात, त्यामुळे खोली आवळत गेल्यासारखी वाटते.

मुलांनी पुन्हा शूटिंग केलं. सुरुवातीला लांबून आणि वरून, म्हणजे घर मोठं, मुलगी एवढीशी. “अब्बू, मला शिकायचंय” म्हणताना कॅमेरा जवळ, तिच्या नजरेच्या किंचित खाली. वाक्य तेच, पण आता ती ठाम दिसली. रडण्याचा शॉट मुलांनी स्वतःच काढून टाकला.