जुन्या गाडीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवताय? आधी दोष पंपाचाच आहे का ते बघा

उन्हाळा आला की चोर्ला, अनमोड किंवा आंबोली घाट चढून आलेल्या जुन्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते. घाट नीट चढला, वर चहाला थांबलो आणि परत निघताना गाडी सुरूच होईना. गाडी बहुतेक वेळा कार्बोरेटरची असते. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर, जुनी मारुती ८०० नाहीतर ओम्नी. गॅरेजमध्ये नेली की सल्ला तयार असतो, "मेकॅनिकल पंप काढून टाका, इलेक्ट्रिक बसवा, कटकट संपली."

हा सल्ला काही वेळा बरोबर असतो. पण पुष्कळदा पैसे जातात आणि कटकट तशीच राहते. शिवाय वायरिंग घाईत केलं असेल तर अपघातात गाडी पेटण्याचा एक नवा धोका गाडीत येऊन बसतो. म्हणून निर्णय घेण्याआधी दोन्ही पंप काम कसं करतात ते समजून घेऊया.

एक ओढतो, दुसरा ढकलतो

मेकॅनिकल पंप इंजिनालाच बोल्टने जोडलेला असतो. जुने मिस्त्री त्याला 'एसी पंप' म्हणतात. गाडीतल्या थंड हवेच्या एसीशी त्याचा काही संबंध नाही. एसी हे असे पंप आणि स्पार्क प्लग बनवणाऱ्या जुन्या कंपनीचं नाव, तेच पंपाला चिकटलं. इंजिनातल्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यामुळे पंपाची दांडी वरखाली होते, आतला रबरी पडदा म्हणजे डायफ्रॅम हलतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल नळीतून पुढे ओढलं जातं. वायर नाही, फ्यूज नाही. इंजिन फिरतंय तोवर पंप चालतो, इंजिन थांबलं की पंपही थांबतो.

इलेक्ट्रिक पंप बॅटरीवर चालतो. तो टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या पातळीच्या खाली बसवायचा असतो. तिथून तो पेट्रोल पुढे ढकलतो. चालू असताना त्याची टकटक किंवा गुणगुण ऐकू येते. इंजिन फिरत नसलं तरी वीज मिळत राहील तोवर तो पेट्रोल पाठवतच राहतो. त्याचा मोठा फायदा यातच आहे आणि मोठा धोकाही यातच.

घाटात नेमकं काय होतं?

घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये असते. इंजिन जोरात फिरतं, पण वेग कमी असल्याने समोरून वारा लागत नाही. बॉनेटखाली सगळं तापतं. मेकॅनिकल पंप इंजिनालाच चिकटलेला, त्यामुळे तोही तापतो. त्यात टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते, म्हणजे दाब कमी असतो. दाब कमी झाला की कोणताही द्रव कमी उष्णतेला उकळतो. नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला आहे, वाफ त्याला नीट पुढे ढकलता येत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकायचे ते याचसाठी. वाफ थंड झाली की तिचं परत पेट्रोल होतं आणि गाडी चालू होते.

इथे एक घोळ होतो. गाडी बंद केल्यावर इंजिनची उष्णता वर चढते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलंच पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं. अशा वेळी गाडी पेट्रोल न मिळाल्यामुळे नव्हे, जास्त झाल्यामुळे सुरू होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. वास अजिबात नसेल तर पेट्रोल पोचत नाही. पहिला दोष इलेक्ट्रिक पंपाने जात नाही. त्यासाठी कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर आणि फ्लोटची सुई तपासावी लागते.

इथेनॉलचाही यात वाटा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने मिश्रणाचा वाफेचा दाब वाढतो. जुन्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे डायफ्रॅम आणि नळ्या फुगतात किंवा कडक होऊन तडकतात.

पंप बदलण्याआधी हे तपासा

१. टाकीचं झाकण: झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल ओढलं जात नाही. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडा. 'फुस्स' असा आवाज येऊन गाडी पुन्हा चालू लागली, तर दोष झाकणाचा.

२. टाकी ते पंप रबरी नळी: या नळीला बारीक तडा गेला तर पेट्रोल गळताना दिसत नाही, उलट हवा आत ओढली जाते. नळी वाकवून बघा. तडे दिसले तर इथेनॉलला चालणारी नवी नळी घाला आणि क्लिपही नव्या.

३. फिल्टर आणि टाकीतला गंज: इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या टाकीतला मळ सोडवतं. फिल्टर तुंबला तर कुठलाही पंप कमीच पडणार.

४. नळीचा मार्ग: पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपला किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला खेटून जात असेल तर ती लांब घ्या. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये कंपनीने जाड इन्सुलेटर दिला असेल, तर मागच्या दुरुस्तीत तो टाकून दिलेला नाही ना, हे बघा. गाडीला टाकीकडे परत जाणारी तिसरी नळी असेल तर ती बंद केलेली नसावी, कारण वाफ तिथूनच परत जाते.

५. पंपाची धार: हे काम इंजिन थंड असताना, उघड्यावर आणि जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढायची, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत धरायची आणि सेल्फ मारायचा. धार ठोक्याठोक्याने जोरात आली तर पंप ठणठणीत आहे.

६. इंजिन ऑइल: डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय किंवा ऑइल न घालताच पातळी वाढलीय, तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल इंजिनात उतरतंय. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंप दुरुस्त करा आणि ऑइलही बदला.

मग कोणता पंप घ्यावा?

गाडी मूळ अवस्थेत आहे, आठवड्यातून दोन-चारदा फिरते आणि वरच्या तपासण्यांत दोष सापडून दुरुस्त झाला, तर मेकॅनिकल पंपच ठेवा. नवं डायफ्रॅम किट टाकताना रबर इथेनॉलला चालणारं आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. रस्त्यात बिघडला तर हा पंप कुठल्याही तालुक्याच्या गावातला जुना मिस्त्री उघडून बघू शकतो.

इलेक्ट्रिक पंपाचा विचार तीन प्रसंगी करावा. गाडी महिनामहिना उभी राहते, वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. सगळं तपासूनही घाटात व्हेपर लॉक होतोच आहे. किंवा मेकॅनिकल पंपाचे चांगले सुटे भागच मिळत नाहीत.

दाब बघून घ्या

कार्बोरेटरला दाब फार लागत नाही. साधारण २ ते ४ पीएसआय पुरतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम समजा. तुलनेसाठी, टायरमध्ये आपण ३०च्या आसपास हवा भरतो. एमपीएफआय गाड्यांचा पंप ४० पीएसआय किंवा त्याहून जास्त दाब देतो. "भंगारात चांगला पंप मिळाला" म्हणून तसला पंप कार्बोरेटरला जोडला, तर फ्लोटची सुई तो दाब पेलू शकत नाही. पेट्रोल कार्बोरेटरमधून तापलेल्या इंजिनावर सांडतं. कार्बोरेटरसाठीचाच कमी दाबाचा पंप घ्या. तरी दाब जास्त वाटला तर रेग्युलेटर लावा आणि गेजवर मोजून घ्या.

पंपापेक्षा कट-ऑफ महत्त्वाचा

बरीच गॅरेजं पंपाची वायर थेट चावीच्या लाइनला जोडतात. गाडी चालते, गिऱ्हाईक खूश. पण समजा गाडी ठोकली, नळी तुटली आणि इंजिन बंद पडलं. चावी ऑनच आहे. मेकॅनिकल पंप त्याच क्षणी थांबला असता. हा मात्र तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो, आणि माणसं आत अडकलेली असतात.

म्हणून पंपाला वेगळा रिले, योग्य फ्यूज आणि इंजिन थांबताच वीज तोडणारा कट-ऑफ हवाच. त्यासाठी ऑइल प्रेशर स्विच वापरतात. इंजिन थांबलं की ऑइलचा दाब पडतो आणि पंप बंद होतो. सुरू करताना दाब नसतो, म्हणून तेवढ्यापुरती वीज सेल्फच्या लाइनमधून द्यावी लागते. ऑइलच्या लाल दिव्याचा साधा स्विच याला थेट चालत नाही, कारण तो उलटं काम करतो. दाब नसताना तो जोडणी देतो. जोडीला धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच लावला तर उत्तम.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी स्वतः एक परीक्षा घ्या. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. पंप दोन-तीन सेकंदांत गप्प बसला पाहिजे. टकटक चालूच राहिली तर कट-ऑफ बसवलेला नाही. गाडी तशीच ताब्यात घेऊ नका.

जुन्या पंपाचं काय?

"राहू दे तिथेच, स्पेअरला होईल" म्हणून दोन्ही पंप एकाच लाइनमध्ये ठेवू नका. जुन्याचा डायफ्रॅम फाटला तर इलेक्ट्रिक पंप दाब देऊन पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये भरतो. जुना पंप काढा, त्या जागी गॅस्केट लावून प्लेट बसवा, नाहीतर तिथून ऑइल गळेल. काढलेला पंप मात्र भंगारात देऊ नका. ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी लागते. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्यात.

थोडक्यात, झाकण, नळी आणि फिल्टर बघायला अर्धा तास लागतो आणि खर्च जवळपास शून्य. ते झाल्याशिवाय पंपाला हात लावू नका. आणि इलेक्ट्रिक बसवायचाच ठरला, तर मिस्त्रीला पंपाची किंमत विचारण्याआधी विचारा, "इंजिन बंद पडलं की हा बंद कसा होणार?" याचं नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरं गॅरेज बघा.