अति स्वस्त जुनी मोटार : घेणारांस व देणारांस इशारा

नागपूरच्या गांधीबागेंत घाऊक कापडाच्या पेढ्या आहेत, व लगतच इतवारी आणि महाल हे जुने बाजार आहेत. लग्नसराई जवळ आली, कीं काटोल, कळमेश्वर, सावनेर, उमरेड इकडील शेतकरी कुटुंबें बस्ता बांधण्यासाठीं तेथें येतात. कापडाचे तागे उलगडत असतां संसारांतील इतर गरजांचींहि बोलणीं निघतात. आणि ज्याच्या दारीं मोटार नाहीं, त्याला ती घेण्याचा आग्रह करणारा कोणीतरी भेटतोच.

आमचे एक स्नेही काटोलकडील संत्र्याचे बागाईतदार आहेत. सन २०२३ च्या हिवाळ्यांत मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यास ते गांधीबागेंत गेले होते. दुकानांत बसलेल्या एका मध्यस्थानें त्यांना एक पांढरी मोटार दाखविली. गाडी दहा वर्षांची. पण रंग झकास, आंत नवे गालिचे, बैठकींवर नवीं कापडें, आणि किंमत अवघी सत्तर हजार रुपये! तशाच गाडीचा भाव इतरत्र दोन लाखांच्या खालीं नव्हता. आंब्या बहाराचे पैसे हातांत होते. मध्यस्थानें मालकाच्या सह्या असलेले दोन कोरे फॉर्म पुढें केले व "नांव काय, केव्हांहि चढेल," असें सांगितलें. स्नेह्यांनीं रोख रक्कम मोजली आणि संध्याकाळीं त्याच गाडींतून ते घरीं परतले.

लग्न यथासांग पार पडलें. उन्हाळ्यांत गाडीचे दिवे आपोआप मंद होऊं लागले. मृगाच्या पावसांत एका रात्रीं काटोलच्या रस्त्यावर, घरचीं मुलेंमाणसें आंत असतां, गाडी एकाएकीं बंद पडली व दिवेहि गेले. दुसऱ्या दिवशीं मिस्त्रीनें गालिचा उचलला, तों खालीं बारीक गाळाचा थर, बैठकीच्या पट्ट्यांना गंज आणि तारांच्या सांध्यांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला. गाडी पाण्यांत बुडून निघालेली होती. तारांचें सबंध जाळें बदलण्यास त्यानें चाळीस हजारांचा अंदाज सांगितला. पुढें आर. टी. ओ. कचेरींत चौकशी केली, तेव्हां गाडीवर कर्जाचा बोजा असल्याचें कळलें. मूळ मालक नोंदलेल्या पत्त्यावर राहत नव्हता, आणि मध्यस्थाचा फोन बंद झाला होता. आज ती मोटार गोठ्याशेजारीं उभी आहे.

ही हकीकत सांगण्याचा हेतु स्नेह्यांची चूक उघडी करण्याचा नाहीं. बैलबाजारांत हेच गृहस्थ जोडीचे दात पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात, आणि गवळाऊ जातीचा उमदा बैल निम्म्या किंमतींत मिळूं लागला, तर "ह्यांत खोड कोणती?" हें पहिल्यानें विचारतात. मोटारीच्या बाबतींत तोच प्रश्न विचारावयाचा राहून गेला, इतकेंच. प्रस्तुत लेखाचें सांगणें थोडक्यांत हें आहे, कीं अति स्वस्ताईला कारण असतेंच. तें कारण सांपडेपर्यंत विसार देऊं नये.

स्वस्ताईचीं कारणें

पहिलें कारण म्हणजे पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटें नागपुरांत कांहीं तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदीच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरून दारांत उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हांहि असेंच झालें. अशा गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरीव किंमतीच्या पाऊण हिश्शाहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी ती पूर्ण निकामी धरून भरपाई देते. मग तो सांगाडा लिलावांत जातो, आणि त्यांतल्या कांहीं गाड्या धुऊन, रंगवून पुन्हां बाजारांत येतात. हल्लींच्या मोटारींत इंजिन, ब्रेक व अपघातसमयीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या ह्यांवर विजेच्या यंत्रपेट्यांचा ताबा असतो. पाणी लागलेली तार त्याच दिवशीं निकामी होत नाहीं. ती आंतून कुजत जाते व कित्येक महिन्यांनीं, बहुधा भलत्या वेळीं, दगा देते.

दुसरें कारण अपघात. मोठी टक्कर झालेली गाडी कापून जोडलेली असूं शकते. दारें व बॉनेट ह्यांच्या फटी सारख्या नसणें, रंगाच्या छटेंत फरक असणें, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा दिसणें, हीं तिचीं लक्षणें होत.

तिसरें कारण परप्रांत. दिल्ली व तिच्या भोंवतालच्या प्रदेशांत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालविण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं बंदी केली, व सर्वोच्च न्यायालयानें ती २०१८ सालीं कायम केली. पुढें २०२५ सालीं तींत सवलती मिळाल्या. परंतु मधल्या काळांत तिकडील पुष्कळ गाड्या मातीमोल भावानें इतर प्रांतांत गेल्या. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रांत ठेवावयाची, तर तिची येथें नव्यानें नोंदणी करावी लागते, मूळ कचेरीचा ना-हरकत दाखला आणावा लागतो व येथील कर भरावा लागतो. हा खर्च किंमतींत धरला, म्हणजे स्वस्ताई बरीचशी नाहींशी होते.

चौथें कारण वय. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यानंतर गाडी तपासून दर पांच वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें. ह्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारीस ती १०,००० रुपये करण्यांत आली. चौदा वर्षांची गाडी पन्नास हजारांस मिळाली, तरी हा खर्च दारांत उभाच असतो.

पांचवें कारण निव्वळ लबाडी. फोनवरील जाहिरातींत उत्तम गाडी नाममात्र किंमतींत दाखवावयाची, आपण लष्करांतील जवान असून बदली झाली आहे अशी बतावणी करावयाची, आणि गाडी पाठविण्याच्या खर्चापोटीं आगाऊ रक्कम मागावयाची, हा प्रकार आतां पुष्कळांच्या अनुभवाचा झाला आहे. जी गाडी डोळ्यांनीं पाहिली नाहीं, तिच्यासाठीं एक रुपयाहि पाठवूं नये.

सातबारा आणि मोटारीचें पुस्तक

आपण जमीन घेतों, तेव्हां सातबाऱ्यावर विकणाराचेंच नांव आहे ना, इतर हक्कांत बोजा आहे काय, हें पाहतों. आणि खरेदीनंतर फेरफार होईपर्यंत स्वस्थ बसत नाहीं. मोटारीचा सातबारा म्हणजे तिचें आर. सी. पुस्तक. त्यांत मालकाचें नांव, चेसिस व इंजिन क्रमांक, आणि कर्ज असल्यास धनकोचें नांव असतें. बोजा असलेली गाडी, कर्ज थकल्यास, धनको ओढून नेऊं शकतो. कर्ज फिटल्याचा धनकोचा दाखला व फॉर्म ३५ ह्यांखेरीज तो बोजा उतरत नाहीं.

मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या कलम ५० प्रमाणें विकणारानें चौदा दिवसांत विक्रीची खबर नोंदणी कचेरीस द्यावयाची असते, व घेणारानें तीस दिवसांत आपलें नांव चढविण्यास अर्ज करावयाचा असतो. फॉर्म २९ व ३० हे त्यासाठींच आहेत. स्टँपाच्या कागदावर करार लिहून घेतला, म्हणजे नोंदवहींतील नांव बदलत नाहीं. कोऱ्या सह्यांचे फॉर्म बाळगणारा मध्यस्थ एकच गाडी तीन हातांतून फिरवितो. पुस्तकावर मात्र पहिल्याचेंच नांव राहतें.

येथें मोटार विकणाऱ्या शेतकरी बंधूंनींहि सावध व्हावें. सन २००९ मधील एका अपघाताच्या खटल्यांत गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण कोणीहि नांव बदलून घेतलें नव्हतें. ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं नोंदवहींत ज्याचें नांव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक. सबब भरपाईची जबाबदारी त्याची. ज्यानें गाडी कधींच देऊन टाकली होती, त्याच्यावर हा भार आला.

विमा चालू असेल, तर इजा झालेल्या तिऱ्हाइताची भरपाई बहुधा विमा कंपनीकडून होते. परंतु अति स्वस्त गाडीचा विमा पुष्कळदां संपलेला असतो. मग न्यायाधिकरणानें ठरविलेली रक्कम चालकाच्या व मालकाच्या अंगावर येते; आणि ती न दिल्यास कलम १७४ अन्वयें जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतां येते. महसुलाच्या थकबाकीची जप्ती म्हणजे काय, हें जमीनधारक वाचकांस सांगावयास नको. सत्तर हजारांच्या मोटारीपायीं वडिलार्जित शेताला धक्का बसूं शकतो, तो ह्या वाटेनें.

घेण्यापूर्वीं काय पाहावें

गाडी दिवसाउजेडीं पाहावी. पावसांत किंवा दिव्याच्या उजेडांत पाहूं नये. इंजिन थंड असतां आपण स्वतः चालू करावें. आधींच तापवून ठेवलेलें असल्यास दुसऱ्या दिवशीं यावें. निळसर धूर म्हणजे तेल जळतें. थंडींतील वाफ सोडून सतत पांढरा दाट धूर म्हणजे थंड करणारें पाणी आंत शिरतें. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाहीं. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ चहासारखें दिसलें, तर त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजावें.

सुरक्षा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. त्याच्या टोंकास चिखलाचा डाग सांपडतो, कारण तेथपर्यंत धुण्याची कोणी तसदी घेत नाहीं. गालिच्याखालीं, बैठकींच्या पट्ट्यांवर व जादा चाकाच्या खांचेंत हात घालून पाहावा. आंत अत्तराचा उग्र वास असल्यास तो कशासाठीं मारला आहे, हें विचारावें. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो. आंकडा कमी, पण पायपट्ट्यांचें रबर गुळगुळीत झालेलें, असें दिसल्यास आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. टायरच्या कडेवर चार अंकी शिक्का असतो. "३२१९" म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यांतील टायर. त्यावरून टायरांचें वय कळतें.

आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. विकणारानें सुचविलेला मिस्त्री हा विकणाराचाच माणूस समजावा. चेसिसवरील क्रमांक पुस्तकाशीं स्वतः ताडून पाहावा. तेथें घासल्याच्या खुणा असल्यास तसेंच परतावें. नोंदणीची अद्ययावत् माहिती, बोजा, विम्याची मुदत व थकलेले चलान सरकारी वाहन-प्रणालींत क्रमांक घालून पाहतां येतात. घरांतील शिकलेला मुलगा किंवा मुलगी हें काम घटकाभरांत करील.

पैसे पुस्तकावर ज्याचें नांव आहे त्यालाच, आणि बँकेमार्फत द्यावे. किंमतीचा कांहीं हिस्सा नांव चढेपर्यंत हातीं राखण्याचें लेखी ठरवून घ्यावें. सरळ माणूस ह्यास सहसा हरकत घेत नाहीं. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठीं केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें केलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले. त्यांप्रमाणें व्यापाऱ्यानें नोंदणी कचेरीकडून अधिकारपत्र घ्यावयाचें असतें. तें दाखविण्यास सांगावें. विमा आपल्या नांवें करण्याचा अर्ज चौदा दिवसांत करावा.

शेवटीं आमच्या स्नेह्यांविषयीं. त्यांनीं धनकोकडे चौकशी केली, तों बाकी गाडीच्या किंमतीहून अधिक निघाली. गाडी मोडींत काढावी, तर सरकारमान्य मोडकेंद्रहि नोंदलेल्या मालकाचे कागद व बोजा नसल्याची खात्री मागतें. मध्यंतरीं शेजारच्या गांवचा एक तरुण चाळीस हजारांस ती घेण्यास तयार झाला. त्याला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. स्नेह्यांनीं त्याला गोठ्यापाशीं नेलें, गालिचा उचलून खालचा गाळ दाखविला, पुस्तकावरील बोजा वाचून दाखविला, आणि चहा देऊन परत पाठविलें. नुकसान त्यांनीं आपल्यापाशींच ठेवलें. हल्लीं गांधीबागेंत कांहीं काम निघालें, तर ते एस. टी. नें जातात.

जुनी मोटार घेणें गैर आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. रास्त भावानें, कागद पाहून घेतलेली जुनी गाडी शेतकऱ्याच्या पुष्कळ उपयोगीं पडते. परंतु निम्म्याहून कमी भावाची गाडी पुढें आली, तर त्या दिवशीं पैसे घरीं ठेवून नुसतें पाहून यावें, दोन दिवस चौकशींत घालवावे, आणि मगच विसार द्यावा, इतकीच शेतकरी बंधूंस विनंति आहे.