जखमेवरचे औषध जेव्हा कातडीला बाधते

शेतात खुरपणी करताना पायाला पाते लागते. जखम फारशी खोल नसते. घरात असलेले मलम लावून वर पट्टी बांधली जाते. आठ-दहा दिवस सारे ठीक चालते आणि मग एकाएकी जखमेभोवतालची कातडी लाल होते, बारीक पाणीदार फोड उठतात, लस वाहू लागते. घरची मंडळी म्हणतात, जखम चिघळली. आणि मलमाचा थर अधिकच जाड होतो. अशा काही प्रसंगी दोष जंतूंचा नसून मलमाचाच असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या विकारास संपर्कजन्य त्वचाशोथ म्हणतात. औषधातील एखादे द्रव्य कातडीत शिरले की क्वचित एखाद्याच्या शरीरातील संरक्षक पेशी त्याला शत्रू मानतात. ही 'ओळख' पटण्यास प्रथम सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात; त्यानंतर मात्र तेच द्रव्य पुन्हा लागताच एक ते तीन दिवसांत कातडी पेटून उठते. ही ॲलर्जी बहुधा जन्मभर टिकते. 'हेच मलम मी वर्षानुवर्षे वापरतो' हा युक्तिवाद म्हणूनच येथे लागू पडत नाही; पूर्वी वापरल्याखेरीज ही ॲलर्जी उद्भवतच नाही. पायावरील जुनाट व्रणांना महिनोन्‌महिने औषध लागत असल्याने तेथे हा धोका विशेष असतो.

अशी बाधा करणाऱ्या द्रव्यांत निओमायसिनचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्याच्याच कुळातील फ्रामायसेटिन अनेक घरगुती मलमांत असते, आणि एकाची ॲलर्जी असणाऱ्यास दुसरेही बाधण्याचा संभव मोठा. तेव्हा डबी बदलली म्हणजे औषध बदलले असे नव्हे. भाजलेल्या जागी लावावयाच्या पिवळ्या मलमातील नायट्रोफ्युराझोनची बाधाही आपल्या देशात त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहे. पोव्हिडोन आयोडीनची खरी ॲलर्जी त्या मानाने विरळ. पाण्यात टाकताच दुधाळ होणाऱ्या क्लोरोझायलेनॉलची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचीही ॲलर्जी होते, परंतु पुष्कळदा ते पाणी न मिसळता लावल्यामुळे कातडी नुसती पोळते. घरगुती हळददेखील क्वचित बाधते, हे सांगितलेले अनेकांना रुचणार नाही!

जंतुदोष आणि ॲलर्जी ओळखावी कशी? ॲलर्जीत खाज प्रमुख असते आणि लाली मलम लागले तेथवर, बहुधा पट्टीच्या आकाराने, पसरते. जंतुदोषात ठणका, पू, ऊब आणि कधी ताप असतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. त्यामुळे ताप वा पू दिसल्यास घरी तर्क करीत न बसता आरोग्य केंद्र गाठावे.

नेमके द्रव्य शोधण्याची पद्धत जुनी आहे. योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने 1895 मध्ये पाऱ्याच्या मलमाबाबत ती प्रथम मांडली. आजच्या पॅच टेस्टमध्ये संशयित द्रव्ये अल्प प्रमाणात पाठीवर चिकटवून 48 तासांनी काढतात आणि त्यानंतरही एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहणी करतात.

क्लोरहेक्सिडीनचा उल्लेख वेगळा करावयास हवा. या द्रव्याने क्वचित काही मिनिटांतच अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तसा इशारा दिला होता. अशा वेळी रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे.

शाळेतील वा ग्रामपंचायतीतील प्रथमोपचार पेटीत दहा प्रकारची मलमे असण्याची गरज नाही. साधी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन कोरड्या, स्वच्छ पट्टीने झाकणे बहुतेक वेळा पुरते. मलमाने खाज सुटू लागल्यास ते तत्काळ थांबवून त्याचे वेष्टन जपून ठेवावे. वेष्टनावर बाजारी नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले घटकद्रव्याचे नाव डॉक्टरांना दाखवावे व रुग्णाच्या कागदावर लिहून घ्यावे. कुत्रा चावला असता मात्र ॲलर्जीच्या भीतीने थबकू नये: जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जावे. कोणत्या औषधाची बाधा होते, ते तेथे आधी सांगावे.