बारा सेंटिमीटरांनी वाजवले बारा!

गेल्या वर्षी भाऊबिजेला आमची स्वारी पुण्याहून जाफराबादला निघाली. गाडीत फराळाचे तीन डबे, ताईची साडी, आमचे कुटुंब आणि सारथ्याला चिरंजीव. पूर्णेकाठच्या या गावी ताई सून म्हणून गेली तेव्हा ते औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जालना जिल्हा 1981 साली वेगळा झाला. या खेपेला ओवाळणीखेरीज आणखी एक काम होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता जालन्यात ताईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. "अरे, तुझ्याच गाडीतनं जाईन मी. तेवढाच धीर!" असे तिने महिनाभर आधीच बजावून ठेवले होते.

पहाटे साडेपाचला ताई देवाला नमस्कार करून गाडीत बसली. चिरंजिवांनी सेल्फ मारला. टक्, टक् असा आवाज झाला आणि पुढे सारे शांत!

आता या गाडीची हकिगत सांगायला हवी. चिरंजिवांना वेगाचे वेड. कोइमतूरच्या करी स्पीडवेवर गाड्या पळवणाऱ्या मित्रांचे ऐकून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी इंजिनाची पंधरा सेंटिमीटरांची पुली काढून बारा सेंटिमीटरांची बसवली होती. या पुलीवरच्या पट्ट्यानेच पाण्याचा पंप, थंड हवेचा काँप्रेसर आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरतो. इंजिनाचे चाक लहान केले की ही सारी मंडळी हळू फिरतात आणि त्यांना फिरवण्यात जाणारी थोडी शक्ती चाकांना मिळते. "बाबा, फुकटात दोनचार अश्वशक्ती!" असे मला सांगण्यात आले होते. फुकट हा शब्द ऐकला की मी एरवी सावध होतो. पण मुलाच्या तोंडून तो कसा गोड लागतो!

शेजारचे गिरणीवाले आवाज ऐकून आले. त्यांची गिरणी पूर्वी तेलाच्या इंजिनावर चाले, आता विजेच्या मोटारीवर चालते. चिरंजिवांनी टॉर्च धरून पुलीचा महिमा सांगितला, तसे ते हसले. "आवो, इंजिनाचं चाक बारकं केलं तर जातं हळूच फिरंल की! मग पीठ कुठून पडंल?"

चिरंजीव गप्प झाले. मग त्यांनीच हिशेब मांडला. अल्टरनेटरची पुली सहा सेंटिमीटरांची. पूर्वी गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला 800 फेरे घेई, तेव्हा अल्टरनेटरचे 2000 होत. आता होतात 1600. इतक्या कमी फेऱ्यांत वीज निघते थोडी आणि खर्च तर तोच: दिवे, पंखा, पेट्रोलचा पंप, शिवाय चौघांचे मोबाइल. रस्त्यावर वेगात गाडी असली तर काही बिघडत नाही. परंतु पुण्यातल्या गर्दीत दोन महिने आणि आदल्या दिवशी वाघोली-शिक्रापूरच्या कोंडीत तीन तास गाडी रखडली होती. त्या साऱ्या वेळात बॅटरी उधारीवर वीज पुरवत होती, आणि पहाटे तिने हात वर केले.

जुन्या फियाटचे मालक यावर हसतील. त्या गाड्यांना डायनामो असे. सिग्नलला थांबले की दिवे मंदावत आणि ड्रायव्हर पाय दाबून ते उजळत असे. ही अडचण बरीचशी अल्टरनेटरने घालवली. अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या 1960 सालच्या व्हॅलियंट गाडीला तो मुळातूनच बसवला होता. आमच्या चिरंजिवांनी पैसे मोजून पुन्हा डायनामोचे दिवस आणले!

गिरणीवाल्यांनी टेम्पो जवळ आणून वायरी जोडल्या. गाडी सुरू झाल्यावर चिरंजिवांनी मीटर लावला. दिवे लावून इंजिन मंद चालत असता 12.3 व्होल्ट, पाय दाबला की सरळ 14! रोग सापडला, पण उपचाराला वेळ कुठे? "जालना येईस्तवर बंद करू नका," गिरणीवाले म्हणाले. ताईने माझा हात घट्ट धरला होता. वाटेत चहाला थांबलो तेव्हाही इंजिन चालूच ठेवले. पोहोचलो तेव्हा नऊला दहा मिनिटे होती.

ताई आत गेल्यावर बाकावर बसून चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, मी आत्याला नुसतंच घाबरवलं." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे त्यांनी स्वतःच बोलून टाकले होते.

पुण्यात आल्यावर त्यांनी अल्टरनेटरला पाच सेंटिमीटरांची पुली आणि मापाचा आखूड पट्टा बसवला, इंजिनाचे मंद फेरेही 850 केले. म्हणजे अल्टरनेटर पुन्हा 2000च्या वर गेला, आणि पाण्याचा पंप व काँप्रेसर यांवरची बचत तेवढी उरली. अल्टरनेटरवरची बचत मुळातच फारशी खरी नव्हती. लागेल तितक्या विजेची शक्ती इंजिनाकडून आज नाही तर उद्या घ्यावीच लागते. लहान पुलीला पट्ट्याची मिठी कमी बसते, म्हणून तो घसरू नये याकडे आता डोळ्यात तेल घालून पाहावे लागते. शिवाय काही गाड्यांच्या मूळ पुलीत इंजिनाचे हादरे गिळणारे रबराचे कडे असते; ती काढून भरीव पुली बसवणे हे कण्याशी खेळणे आहे, असे एका जुन्या मिस्तरींनी बजावले. आमच्या गाडीत ते कडे वेगळे आहे, हे चिरंजिवांनी मला दोनदा दाखवले.

यंदा वाघोलीला पुन्हा तासभर अडकलो. दिवे चालू, पंखा चालू, आणि मीटरवर 13.9. ताईने दारातच गाडीला ओवाळले. डोळा आता स्वच्छ झाला आहे तिचा. निरांजनाच्या उजेडात तिने आधी बॉनेटवरचा ओरखडा दाखवला.