विश्लेषण : भंडाऱ्याच्या उन्हात जोडीने सायकल सहल… निघायचे कधी, जायचे कुठे आणि परतायचे केव्हा?

रविवारची सुट्टी, दोन सायकली आणि घरातले दोघेच. भंडारा जिल्ह्यात अशा सहलीसाठी बरेच काही आहे. वैनगंगेचे घाट आहेत, मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आहेत, डोंगरी किल्ला आहे आणि धरणही आहे. अडचण उन्हाची. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मार्च-एप्रिलमध्येही सकाळी दहानंतर रस्ता तापतो. अशा हवेत सहल सुरक्षित ठेवायची, तर काही हिशेब आधीच मांडावे लागतात.

सायकलवर ऊन उशिरा का जाणवते?

सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, त्यातील जेमतेम पाव हिस्सा पेडलवर पोहोचतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे काम घाम आणि वारा करतात. ताशी १५ ते १८ किलोमीटर वेगाने जाताना समोरून सतत वारा लागतो, घाम लगेच सुकतो आणि बरे वाटते. थांबल्यावर हा वारा बंद होतो, पण शरीरातील उष्णता तशीच असते. म्हणून अनेकांना चक्कर येते ती सायकल उभी केल्यावर.

त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली, की वारा उष्णता नेण्याऐवजी आणून टाकतो आणि भिस्त फक्त घामावर उरते. उन्हाळी धानाच्या बांध्यांत पाणी साचलेले असते, तेथे हवेत दमटपणा वाढतो आणि घामही नीट सुकत नाही. तापमानाचा आकडा कमी दिसत असला तरी त्रास तेवढाच होतो.

दोघांना पाणी किती लागते?

आरामात सायकल चालवताना तयार होणारी उष्णता घालवायला एका व्यक्तीचा तासाला साधारण अर्धा लिटर घाम सुकावा लागतो. कडक उन्हात हे प्रमाण आणखी वाढते. तीन तासांच्या फेरीसाठी दोघांना किमान चार लिटर पाणी सोबत हवे. घामाबरोबर मीठही जाते. म्हणून सोबत ओआरएसची पाकिटे ठेवावीत आणि एका पाकिटाला एक लिटर पाणी, हे प्रमाण पाळावे. वाटेत मीठ घातलेले ताक किंवा पन्हे मिळाले तर उत्तमच.

निघायचे किती वाजता?

भंडारा मुंबईच्या बऱ्याच पूर्वेला आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण भंडाऱ्यात सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी उगवतो. मे महिन्यात येथे साडेपाचच्या सुमारास उजाडते. त्यामुळे पुण्या-मुंबईचे सकाळचे वेळापत्रक येथे चालत नाही. उन्हाळ्यात साडेपाचला निघून साडेआठपर्यंत सावलीत पोहोचणे योग्य. निवांत फिरायचे असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात चांगला.

कुठे जाता येईल?

पवनी : वैनगंगेकाठचे हे प्राचीन नगर भंडाऱ्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. १९६९-७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. जवळच गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याची पायाभरणी केली. धरणाला ३३ दरवाजे आहेत. जाऊन-येऊन ९० किलोमीटर जड वाटत असतील, तर सायकली गाडीवर टाकून पवनीपर्यंत न्याव्यात आणि तेथून फिरावे.

तुमसर-आंबागड : १७०० च्या सुमारास बांधलेला आंबागड किल्ला तुमसरपासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात त्याचा तुरुंग म्हणून वापर झाला. किल्ला चढून जावा लागतो, त्यामुळे पायांतला थोडा जोर त्यासाठी राखून ठेवावा.

रावणवाडी : मोठ्या फेरीची सवय नसलेल्यांसाठी रावणवाडीचा तलाव सोयीचा. एका सकाळीत जाऊन परत येता येते.

कोकाचा रस्ता वेगळा का?

कोका अभयारण्य भंडाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. येथे उन्हाचा नियम उलटा पडतो. ऊन टाळण्यासाठी पहाटे निघावे, तर वन्यप्राण्यांच्या हालचालीची वेळही पहाट आणि संध्याकाळ हीच असते. मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्याच्या हंगामात पूर्व विदर्भातील गावकऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात, तेही बहुतेक सकाळीच. सायकलला आवाज नसतो आणि स्वार वाकलेला असतो, त्यामुळे धोका वाढतो. म्हणून जंगलालगतचा रस्ता पूर्ण उजाडल्यावर आणि फक्त हिवाळ्यातच निवडावा. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. आत जायचे तर सफारीची गाडीच बरी.

वेग कोणाचा धरायचा?

जोडीतील एक जण सहसा जास्त दमदार असतो. तो पुढे राहिला, तर मागचा त्याला गाठण्यासाठी क्षमतेपेक्षा जोर लावतो आणि उष्णतेचा त्रास आधी त्यालाच होतो. म्हणून हळू चालवणाऱ्याने पुढे राहावे. नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गप्पा मारत शेजारी-शेजारी सायकल चालवू नये. एकामागे एक राहावे आणि मागे लाल दिवा लावावा.

एकाला त्रास झाला तर?

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे ही पहिली सूचना. सावलीत बसावे, कपडे सैल करावेत, थोडे थोडे ओआरएस घ्यावे. बोलण्यात विसंगती, तोल जाणे किंवा भान हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावे. शुद्ध नसलेल्या व्यक्तीला पाणी पाजू नये.

उष्माघातात ज्याला त्रास होतो, त्यालाच तो अनेकदा कळत नाही. ‘मी ठीक आहे, चल पुढे’ असे तो म्हणत राहतो. त्यामुळे दोघांपैकी एकाने जरी ‘परत फिरू’ म्हटले, तरी वाद न घालता परतायचे, हे घरून निघतानाच ठरवून घ्यावे. किल्ला आणि तलाव पुढच्या रविवारीही तेथेच असतात.