एकोणीस विहिरी पोलाद

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत कुणालाही विचारा, लोखंडी पूल कुठे? बोट खाम नदीकडेच जाईल. मग लगेच दुसरा प्रश्न टाका : पुलाला लोखंड लागतं तरी किती?

चला, करंगळीच्या नखापासून सुरू करू. साधारण एक चौरस सेंटिमीटर. एवढ्याच जाडीची पोलादी सळई घ्या आणि ओढा. साधं पोलाद अडीच टनांपर्यंत दाद देत नाही! इंजिनिअर मंडळी सावध, ती दीडच टन धरतात. तरी सिमेंटची ३० पोती झाली. मीटरभर सळईचं वजन पाऊण किलोच्या आसपास, किंमत चाळीस-पन्नास रुपये. पन्नास रुपयांच्या सळईला ३० पोती टांगा!

दाबायला गेलात, तर मात्र लांब सळई लचकते. लांबी दुप्पट केली की तिची ताकद चौथाईवर येते. म्हणून पुलात ताण सोसणारे भाग सडपातळ आणि दाब सोसणारे पेटीसारखे दणकट. कुणाच्या वाट्याला काय, ते पुलाच्या सांगाड्यातले त्रिकोण ठरवतात. कसं, ते गणितवाल्यांवर सोडू. आपण आकडे मोजू.

हावडा पूल, १९४३. मधला गाळा ४५७ मीटर, नदीत एकही खांब नाही. अठरा डब्यांची गाडी अख्खी अधांतरी मावेल! पोलाद २६,५०० टन. एका मालगाडीत साडेतीन हजार टन भरा, आठ मालगाड्या लागतील.

दमलात? अजून स्कॉटलंडचा फोर्थ पूल बाकी आहे. १८९० चा, आणि त्यावरून आजही रेल्वे धावते. लांबी जवळजवळ अडीच किलोमीटर. पोलाद सुमारे ५३,००० टन, म्हणजे १५ मालगाड्या. एकीमागे एक उभ्या केल्या तर छावणीतून निघालेली रांग पार दौलताबादच्या अंगाला जाईल. आणि पोलादी पत्रे जोडणारे रिव्हेट? ६५ लाख! सेकंदाला एक ठोका, जेवण नाही, झोप नाही, तरी ७५ दिवस. एकेक रिव्हेट चार बोटं लांब धरा आणि रुळालगत मांडत चला. मुंबईहून पुणे. संपले नाहीत. पुण्याहून परत मुंबई. अजून उरलेत! पुन्हा निघा. कर्जत आलं, तेव्हा कुठे पोतं रिकामं.

आता हा अजस्र डोलारा वितळवा आणि २० फूट रुंद, ४० फूट खोल विहिरींत ओता. किती भरतील? शंभर? हजार? एकोणीस! हावड्याच्या तर साडेनऊच. बाकी सगळी हवा.